पाच धात्री आणि दुपारचे दोन तास



"घरीच तर असतेस, मग मुलाला सांभाळायला बाई कशाला?" हे वाक्य गेल्या दिवाळीपासून मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता समोरचीने "घरीच" एवढं म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करते. विचारणाऱ्या सगळ्या आपल्यातल्याच. नागपूरच्या आतेसासूबाई, वडशाची एक मैत्रीण, एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या काकू. पुरुषांपैकी कुणीच विचारलं नाही. आमच्याकडे अशी बाई येते हे बहुतेक त्यांना दिसलेलंच नसावं.

तर आज त्याबद्दलच. धाकटा आता दीड वर्षाचा झाला. तो रांगायला लागला तेव्हापासून केशोरीतलीच एक बाई रोज दुपारी साडेतीन ते साडेपाच आमच्याकडे येते आणि त्याला बघते. दिवसभर नाही, फक्त दोन तास. भांडी, कपडे, झाडलोट यांतलं काही ती करत नाही. ती फक्त मुलाची. लोकांना हेच जास्त खटकतं. धुणंभांड्याची बाई असली तर घर नीट चाललंय म्हणतात. मुलासाठी बाई म्हटलं की आईला काय झालंय म्हणतात.

साडेतीन ते साडेपाच ही वेळ का, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. तुम्हाला नाही. पण तरी लिहिते, कारण आपण स्वतःसुद्धा हा हिशोब कधी मांडत नाही. दिवाळीनंतर आमच्या भागात साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो. रात्री जेवायचं नाही म्हणजे सव्वापाचपर्यंत सगळ्यांची ताटं झालेली पाहिजेत. म्हणजे चारला चूल, आणि त्याआधी भाजी निवडून, कणीक मळून तयार. शेजारच्या घरी आठला जेवतात. त्यांच्याकडे मूल झोपेतून उठतं, खेळतं, बाप घरी येतो आणि मग स्वयंपाक सुरू होतो. आपल्याकडे मूल झोपेतून उठायची वेळ आणि कुकर लावायची वेळ एकच. चार ते सव्वापाच या वेळात मला चार हात लागतात. नेमकी ह्याच वेळी दुकानात गर्दी असते. शेतावरून परतणाऱ्या बायका तेल, मीठ, साखर घेऊन जातात. म्हणजे तिकडून कुणी मदतीला येईल ही आशाही नाही.

आणि आपला स्वयंपाक म्हणजे नुसता स्वयंपाक नसतो. पाणी गाळायचं, जिवाणी परत जपून जिथलं तिथे पोचवायची. धान्य, डाळ डोळ्यांखालून घालायची, पावसाळ्यात तर एकेक दाणा. पिठाची मर्यादा पाळायची, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. म्हणजे महिन्याचं दळण एकदाच आणून ठेवायची सोय नाही. हे सगळं मी हौसेने करते, तक्रार नाही. पण याला तास लागतात, आणि ते तास कुणाच्याही हिशोबात नसतात.

हिशोब एकदा सरकारने केला होता. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. कोण दिवसाचा किती वेळ कशात घालवतं, असं घरोघरी जाऊन विचारलं. घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात रोजचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. पुरुषाचा ९७ मिनिटं. घरातल्या माणसांना सांभाळण्याचा वेळ बाईचा १३४ मिनिटं आणि पुरुषाचा ७६. मी हे आकडे घरी मोठ्याने वाचून दाखवले. "हे" म्हणाले, ९७ मिनिटं जरा जास्तच सांगितली असतील लोकांनी. निदान प्रामाणिक उत्तर दिलं.

पण मला खरं बळ दिलं ते या आकड्यांनी नाही. ते आपल्या शास्त्रांतूनच मिळालं.

चातुर्मासात सासूबाईंना आदिपुराण वाचून दाखवत होते. जिनसेनाचार्यांचं. बाल वृषभदेवांचा प्रसंग आला. जन्माभिषेक करून इंद्र त्यांना मरुदेवी मातेकडे परत आणतो, आणि पुढे त्यांच्यासाठी देवींना धात्री म्हणून नेमतो. स्नान घालायला, अलंकार घालायला, दूध पाजायला, शरीराचे संस्कार करायला आणि खेळवायला. पाच कामं, आणि त्यांना नेमलेल्या धात्री. मी वाचता वाचता थांबले. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "आई, मरुदेवी माता तर घरीच होत्या."

त्या हसल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "परत वाच."

नंतर मी शोधत गेले तर ही पाचाची गिनती जागोजागी भेटली. श्वेतांबर आगमांत ज्ञाताधर्मकथेच्या पहिल्याच अध्ययनात श्रेणिक राजा आणि धारिणी राणीचा मेघकुमार आहे. त्यालाही पाच धाई आहेत. दूध पाजणारी, सजवणारी, न्हाऊ घालणारी, खेळवणारी आणि मांडीवर घेणारी. मांडीवर घेणारी! नुसतं मांडीवर घेणं हे वेगळं काम, त्याला वेगळं माणूस. ज्याने हे लिहिलं त्याच्या घरात दीड वर्षाचं मूल नक्की पाहिलेलं असणार.

आणि आपल्या मूलाचारात हीच पाच नावं वेगळ्याच ठिकाणी येतात. मुनींच्या आहाराचे दोष सांगताना सोळा उत्पादन दोषांत पहिला आहे धात्री दोष. मुनींनी एखाद्या गृहस्थाला मुलाला न्हाऊ कसं घालावं, सजवावं कसं, खेळवावं कसं, दूध कसं पाजावं, झोपवावं कसं हे सांगून किंवा स्वतः करून खूश केलं आणि त्यापोटी आहार मिळवला, तर तो दोष. नियम मुनींसाठी आहे, आपल्यासाठी नाही. पण विचार करा, हा नियम करावा लागला म्हणजे त्या काळीही मुलाला सांभाळणारं माणूस दारात आलं की घरातल्या बाईला केवढा आधार वाटत असेल! मूल घेणाऱ्याला ती जेवायला घालणारच, हे आचार्यांना ठाऊक होतं.

त्याच ग्रंथात दायक दोष आहेत, म्हणजे आहार देणारी व्यक्ती कशी नसावी ते. त्यात एक अशी आहे, जी दूध पिणाऱ्या मुलाला खाली ठेवून आहार द्यायला उठते. तिच्या हातचा आहार घ्यायचा नाही. श्वेतांबरांच्या दशवैकालिकातही तेच, रडणाऱ्या लेकराला खाली टाकून जी अन्नपाणी आणायला जाते तिला साधूने नाही म्हणायचं. आपण चौका लावतो तेव्हा सोवळं, शोध, पाण्याची मर्यादा सगळं शंभर वेळा तपासतो. लेकरू रडतंय का, हेही तपासायच्या यादीत आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलाला रडत ठेवून केलेलं दानही जर चालत नसेल, तर मुलाला रडत ठेवून रोजची पोळी लाटणं मोठं पुण्य कसं?

आता बाई ठेवायचं सुचवलं कुणी ते सांगते. मी नाही. सासूबाईंनी.

आपल्याकडे "घरी आजी आहे ना" हे उत्तर ठरलेलं असतं. आजी म्हणजे बिनपगारी, बिनसुट्टीची अर्धवेळ दाई. आमच्या सासूबाई पासष्टीच्या पुढच्या, गुडघे दुखतात. मुलाला त्या आनंदाने घ्यायच्या. पण चारची वेळ त्यांच्या स्वाध्यायाची, रत्नकरंड श्रावकाचार घेऊन बसण्याची. आणि संध्याकाळी दिवस मावळताना सामायिक. दोन घटिका, अठ्ठेचाळीस मिनिटं, एका जागी. त्या त्यांनी माझ्या लग्नाच्या आधीपासून पाळलेल्या. थोरलीच्या वेळी त्यांचे गुडघे बरे होते, तेव्हा सगळं जमून गेलं. धाकटा पळता झाला तेव्हा त्या एक दिवस ताट वाढून घेतल्यावर जेवायला लागायच्या आधी म्हणाल्या, "बाळा, मला माझी दुपार परत हवी आहे. एखादी बाई बघ. पैसे माझ्याकडून घे."

पैसे त्यांच्याकडून घेतले नाहीत. पण मैत्रिणींनो, पासष्ट वर्षांच्या बाईने स्वतःच्या सामायिकासाठी तोंड उघडून वेळ मागितला, याचं मला फार अप्रूप वाटलं. आमच्या पिढीला तर समता भाव ठेवायला मोबाईल बंद करायचं जमत नाही, आणि मूल सांभाळणारं कुणी नसलं तर बसायलाच मिळत नाही. म्हणून कुणी विचारलं, "तुझ्यासाठी बाई ठेवली का?" तर मी सांगते, नाही, आईंच्या सामायिकासाठी ठेवली. मग त्यांना पुढे बोलता येत नाही. (हे उत्तर वापरून बघा, पण खरं असेल तरच.)

तसं पाहिलं तर मुलासाठी बाई लावणं आपल्या गावांना नवीन नाही. बाळंतपणात सव्वा महिना तेल लावायला, शेकायला, बाळाला न्हाऊ घालायला बाई येतेच. गरिबाच्या घरीसुद्धा येते. तिला साडी-चोळी, धान्य, पैसे सगळं रीतीने दिलं जातं, कुणी नखरे म्हणत नाही. म्हणजे मूल गादीवर पडल्या जागी पडून असतं तोवर मदत ही रीत, आणि तेच मूल तुमच्या उकळत्या दुधाकडे धावायला लागलं की मदत ही चैन. मला हा न्याय समजलेला नाही.

बाई शोधताना पहिल्यांदा जे स्थळ आलं ते बारा वर्षांच्या मुलीचं होतं. "शाळा सुटली की येईल, पोराला कडेवर घेऊन फिरवेल, हजार-पाचशे द्या." असं खेड्यात अजून सहज सुचवलं जातं, आणि सुचवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मी नाही म्हटलं. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर चौदाखालच्या मुलाला जवळपास कुठल्याच कामाला लावता येत नाही. कायदा राहू द्या बाजूला. बारा वर्षांची मुलगी म्हणजे स्वतःच मूल. ती माझा मुलगा सांभाळत असताना तिचा गृहपाठ कोण सांभाळणार?

याच गोष्टीवरून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम उभं राहिलं. आपल्यापैकी बऱ्याच जणींना अनुताईंचं नाव शाळेतून आठवत असेल. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई त्यात सामील झाल्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, त्यातून अंगणवाडी आली. मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत? तर कडेवर धाकटं भावंड असतं. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली आणि तिचं नाव ठेवलं विकासवाडी. बहीण वर्गात, मधला बालवाडीत, तान्हं पाळण्यात. किती साधी गोष्ट! ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, पण मला विचाराल तर या एका युक्तीसाठीही ते कमीच.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगावी गेला. आमच्या थोरलीने दोन वर्षं अंगणवाडीत काढली. गाणी, गोष्टी, रांगेत हात धुणं सगळं तिथेच शिकली. पण तिथे बसायला घेतात तीन वर्षांच्या मुलाला. त्याआधी सहा महिने ते तीन वर्षं घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळणं नाही. आणि पाय फुटलेल्या मुलाचं खरं संकट नेमकं याच वयात असतं. अलीकडे मिशन शक्तीत पाळणा योजना आली, अंगणवाडीतच पाळणाघर, आणि तिच्यात आई नोकरी करत असलीच पाहिजे ही अट ठेवलेली नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घरी असणाऱ्या आईलाही मूल ठेवायला जागा लागते, हे निदान कागदावर आलं. गावोगावी ते कधी पोचेल ते पोचेल.

तर, आमच्याकडे जी आली ती सत्तावीस-अठ्ठावीसची, लग्न झालेली, स्वतःची चार वर्षांची मुलगी असलेली. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. ती मला वैनी म्हणते, सासूबाईंना मोठ्या बाई. तिने पहिल्याच दिवशी एकच अट घातली. "वैनी, माही पोरगी संगं आणीन." मुलगी अंगणवाडीतून दुपारी घरी येते, नवरा कामावर, सासू नाही. तिला कुठे ठेवणार?

मी हो म्हटलं. मग माझ्या ओळखीच्यांत चर्चा झाली. तुझ्या मुलाकडे लक्ष देईल की तिच्या? दोन मुलं म्हणजे दूध दोन ग्लास. आणि खरा प्रश्न सगळ्यात शेवटी, हळू आवाजात. "ती लोकं मासळी खातात ना गं?"

खातात. आमच्या आजूबाजूला इटियाडोहचं धरण, नवेगावबांध, गावागावाचे तलाव. इथे मासळी न खाणारी घरंच मोजकी. तर या प्रश्नाचं मी काय ठरवलं ते स्पष्ट लिहिते, कारण तुमच्यापैकी अनेकींच्या मनात तोच असेल. स्वयंपाकघर माझं आणि सासूबाईंचं. चौका लावायची वेळ आली तर त्याचे नियम चौक्याचे, त्यात तडजोड नाही. पण मुलाला पाणी पाजणं, दूध देणं, खिमटी भरवणं हा चौका नाही. गाळलेलं पाणी छपरीतल्या छोट्या कळशीत भरून ठेवते, त्यावर पालथा पेला. तिथलंच पाणी दोन्ही मुलांना. पाणी कसं गाळायचं, गाळणं दुहेरी का, हे तिला दाखवलं. तिने विचारलं, "यातले जीव दिसत नाईत, मंग कसे वाचवता?" सासूबाईंनी अर्धा तास समजावलं. मला इतकं समजावून सांगितल्याचं आठवत नाही.

दूध दोन ग्लास, खरंच. एकाच पातेल्यातलं, एकाच मापाचं. यावर मला कुणाशी वाद घालायचा नाही. एका मुलाला पाजायचं आणि दुसऱ्याने बघत बसायचं, ही गोष्ट माझ्या घरात होणार नाही.

पाच धात्रींमधलं कुठलं काम तिला द्यायचं आणि कुठलं ठेवायचं, हे मी त्या पुराणातूनच घेतलं म्हणा. न्हाऊ घालणं आणि दूध माझ्याकडे. झोपवणं आजीकडे, कारण णमोकार मंत्र त्यांच्याच आवाजात ऐकत तो झोपतो. खेळवणं आणि मांडीवर घेणं तिच्याकडे. उरलं सजवणं. ते थोरलीने स्वतःहून घेतलंय, भावाच्या कपाळावर रोज इतकी मोठी तीट असते की दुकानातली गिऱ्हाइकं हसतात.

खेळवण्यात ती आमच्यापेक्षा सरस. मी मुलाला खेळणी देते आणि मोबाईलवर गाणं लावते. ती त्याला सांदवाडीत नेते, म्हणजे आमच्याकडचं परसदार. तिथे माती, पानं, कोंबडीची पिसं, वाळत घातलेल्या लाल मिरच्या ("ते नको रे बाप्पा!"). तो तिच्या बोलीतले शब्द उचलतो. पाण्याला "पानी" म्हणतो. नागपूरच्या आतेसासूबाईंना ते सहन होत नाही. मला गोड वाटतं. ण काय, पुढे येईल.

एकदा मात्र पेच पडला. यंदाच्या पहिल्या पावसात तिची मुलगी हातात दोरा धरून आली, दोऱ्याच्या टोकाला बांधलेला खेकडा. बांधीतून पकडलेला. खेड्यातल्या मुलांचं हे नेहमीचं खेळणं, आणि नंतर त्याचं काय होतं तेही ठरलेलं. आमचा धाकटा टाळ्या वाजवून नाचायला लागला. सासूबाई बाहेर आल्या. मला वाटलं आता हे सगळं मोडतंय. त्या काही बोलल्या नाहीत, पायरीवर बसल्या आणि त्या पोरीला म्हणाल्या, "याचा पाय दुखतोय गं दोऱ्याने." पोरगी म्हणाली, "नाई दुखत, त्याले लय पाय आहेत." आता यावर कोणता ग्रंथ उघडायचा?

शेवटी तिच्या आईनेच दोरा सोडला आणि चौघं मिळून त्याला नाल्यापर्यंत सोडून आली. पोरगी सगळी वाट रडली. घरी ती लोकं खेकडा खाणारच, त्यावर माझा अधिकार नाही आणि मी बोलतही नाही. पण आमच्या अंगणात आणायचा नाही, एवढं ठरलं. त्याबदल्यात सासूबाईंनी तिला एक रंगीत लाकडी भोवरा दिला. तो फिरवता फक्त तिच्या आईलाच येतो.

पगाराबद्दल लिहायला हवं, कारण आपण इथेच हात आखडतो. मी हिशोब असा केला. गावात शेतावरच्या कामाला त्या हंगामात जी दिवसाची मजुरी चालू आहे, तिला कामाच्या तासांनी भागायचं, त्यापेक्षा तासाला कमी द्यायचं नाही. मूल सांभाळणं हे निंदणापेक्षा हलकं काम असं मला कुणी पटवून द्यावं. महिन्याचा पगार बांधलेला, आणि महिन्यात चार सुट्ट्या पगारी. आमच्या अष्टमी-चतुर्दशीला उपवास असला तरी तिचं काम असतंच, मूल थोडंच उपवास करतं!

आणि रोवणी. धानाच्या देशात राहायचं तर हे मान्यच करावं लागतं. आषाढात एक दिवस ती आली आणि म्हणाली, "उद्यापासून येत नाई वैनी, रोवना लागला." रोवणीत दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून परे लावायचे, पण हातात रोख मजुरी येते आणि वर्षाची ओळख टिकते. आज तिने शेतवाल्याला नाही म्हटलं तर कापणीला तिला कोण बोलावणार? तसंच उन्हाळ्याआधी मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणं, मे महिन्यात तेंदूपत्ता, मधे मिरचीचा तोडा. गावातल्या बाईचं कॅलेंडर आपल्या पंचांगापेक्षा कडक. त्या दिवसांत तिची जागा राखून ठेवायची, दुसरी बाई लावायची नाही, हे आम्ही आधीच बोलून घेतलं होतं.

रोवणीचे ते वीस-बावीस दिवस कसे गेले ते मीच जाणते. स्वयंपाक सकाळीच जास्तीचा करून ठेवायचा नाही, शिळं चालत नाही, तेव्हा तो मार्ग बंद. "यांना" सांगितलं, साडेतीन ते पाच धाकटा दुकानात. पहिल्या दिवशी साखरेच्या पोत्यात हात, दुसऱ्या दिवशी वजनं गायब, तिसऱ्या दिवशी वजनं तेलाच्या पिंपात सापडली. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकांमधल्या एका म्हाताऱ्या बाईने त्याला मांडीवर घेतलं आणि सौदा होईपर्यंत सोडलं नाही. पाचवी धात्री म्हणतात ती हीच. त्यानंतर "हे" जेवताना म्हणाले, रोवणी संपली की तिचा पगार थोडा वाढवू.

मी विचारलं होतं तिला, रोवणीत तुझ्या पोरीचं काय? म्हणाली, धुऱ्यावर झाडाखाली बसते, दुसऱ्या बायकांचीही असतात, एखादी म्हातारी बघते. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात याची तरतूद होती. कामावर बायकांसोबत पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांतल्याच एका बाईला मुलं सांभाळायला बसवायचं, आणि तिलाही मजुरी तीच द्यायची. मुलं सांभाळणं म्हणजे माती उपसण्याइतकंच काम, असं कायद्यानेच धरलं. पण रोवणी खासगी शेतावरची, तिथे असं काही नाही. तेव्हा त्या दिवसांत दुपारी अंगणवाडी सुटली की तिची मुलगी आमच्याकडेच येऊ दे, असं सासूबाईंनीच सुचवलं. चारपैकी तीन दिवस ती यायची. मग दोन मुलांना एकाच वेळी खेळवत आजी, आणि मी चुलीपाशी. सामायिक त्या दिवसांत सूर्य मावळल्यावर बरंच उशिरा व्हायचं, पण झालं रोज.

आता रोवणी आटोपली, ती परत आली. पोळा झाला की पाच-सहा दिवसांत दशलक्षण पर्व. दहा दिवस सासूबाईंचं एकाशन आहे, अनंत चतुर्दशीला निर्जळ उपवास. माझा या वेळी पहिल्यांदाच पंचमीपासून रोज दुपारी तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचायचा विचार आहे, दहा दिवस दहा अध्याय. तिला तासभर आधी यायला जमेल का विचारलं तर म्हणाली, येईन, पण तान्ह्या पोळ्याची सुट्टी पायजे, पोरीचा नंदी सजवायचा आहे.

तान्ह्या पोळ्याला धाकट्यासाठीही लाकडी नंदी आणायचा आहे. अर्जुनीच्या बाजारात मिळतो. "यांना" दोन आणायला सांगितलेत.